खालू बंदूक विकत नाही

दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला काहीही न विकता परत पाठवण्यात ज्याला मनापासून समाधान वाटतं, असा दुकानदार मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो कुवेतमध्ये, अर्दियाच्या गोदामांच्या गल्लीत बसायचा आणि बंदुका विकायचा. म्हणजे विकायचा नाही, तेच तर सांगतोय.

बंदुका खऱ्या नव्हेत, एअरसॉफ्टच्या. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगून टाकतो. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी बंदूक, आत बॅटरी आणि स्प्रिंग, आणि नळीतून बाहेर पडतो तो तुरीच्या दाण्याएवढा प्लास्टिकचा दाणा. अंगावर बसला की कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं. एका मोठ्या गोदामात प्लायवुडच्या भिंती, रिकामे ड्रम आणि टायर मांडून मैदान केलेलं असतं. दोन संघ एकमेकांवर नेम धरतात. ज्याला दाणा लागला त्याने स्वतःच हात वर करायचा, 'हिट' म्हणून ओरडायचं आणि तसाच हात वर ठेवून चालत बाहेर जायचं. कपड्यावर रंग लागत नाही, घंटा वाजत नाही. लागलं की नाही हे ज्याला लागलं त्यालाच पक्कं कळतं. अख्खा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे, हे मला पहिल्या दिवशी फार भाबडं वाटलं होतं.

त्या मैदानाला लागून एक दहा बाय बाराची खोली होती आणि तिचा राजा खालू. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कोकणातल्या मुसलमान घरांत मावशीच्या नवऱ्याला खालू म्हणतात. आता आम्हा सगळ्यांची मावशी कोण, हे त्याने कधी सांगितलं नाही. अरबीत मामाला 'खाल' म्हणतात, त्यामुळे कुवेती पोरांनाही ते नाव परकं वाटायचं नाही. माणूस दाभोळच्या खाडीकडचा. वय साठीच्या पुढे, अंगावर चौकटीचा शर्ट, चष्म्याच्या दांड्या मासे पकडायच्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेल्या आणि कानावर पेन्सिलीच्या जागी एक छोटा स्क्रूड्रायव्हर. खोलीत दोन चांगल्या खुर्च्या होत्या. त्यांच्यावर बंदुका ठेवलेल्या असत आणि खालू स्वतः रंगाच्या पालथ्या बादलीवर बसायचा. मी एकदा बंदूक उचलून खुर्चीवर बसायला गेलो तर म्हणाला, "ती आजारी हाय. उठवू नको तिला."

भाड्याच्या बंदुकांना त्याने माशांची नावं दिली होती. प्रत्येकीच्या दस्त्यावर पांढऱ्या मार्करने मराठीत लिहिलेलं: सुरमई, बांगडा, मोरी, पापलेट. एक होती तिची स्प्रिंग कायम ढिली असायची, दाणा जेमतेम समोरच्या ड्रमापर्यंत जायचा. तिचं नाव बोंबील. नवखा माणूस आला आणि जरा जास्त फुशारक्या मारायला लागला की खालू त्याच्या हातात अदबीने बोंबील ठेवायचा. पहिल्या दिवशी मला बोंबील मिळाली होती.

माझी बाजूही सांगतो. मी मूळचा नाशिकचा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत नोकरी, घर महबूलात. माझं काम सेफ्टीचं. म्हणजे लोकांना हेल्मेट घाला, पट्टा लावा असं सांगत फिरायचं आणि त्याहून महत्त्वाचं, कुणाच्या हातून काही चुकलं, थोडक्यात अपघात टळला, तर ते त्याने स्वतःहून येऊन सांगावं यासाठी त्यांच्या मागे लागायचं. "तुम्ही सांगितलं नाहीत तर आम्हाला कळणार कसं?" हे वाक्य मी हिंदीत, इंग्रजीत आणि मोडक्यातोडक्या अरबीत मिळून हजारभर वेळा तरी बोललो असेन. लक्षात ठेवा.

एअरसॉफ्टला मला लेकीने नेलं. तिच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस तिथे होता. मी तिला सोडायला गेलो, एक माणूस कमी पडत होता म्हणून आत शिरलो आणि घामाघूम होऊन बाहेर आलो तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा राहिलो नव्हतो. लेक त्या वर्षी बारावीत होती. ऑगस्टमध्ये कॅनडाला जाणार होती. आमच्या घरात मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि तिच्या खोलीचं दार बंद व्हायचं. भांडण नव्हतं हो, नुसतं दार. पण त्या दिवशी गाडीत बसल्यापासून महबूला येईपर्यंत ती बोलत होती. "बाबा, यू वेअर सो बॅड! ड्रमच्या मागे लपलास आणि अख्खं पोट बाहेर!" मी सिक्स्थ रिंग रोडवर चुकीच्या लेनमध्ये शिरलो, इतका हसलो.

म्हणून मला बंदूक हवी होती असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मला शुक्रवार हवे होते. फेब्रुवारी ते ऑगस्ट, मोजून किती उरले होते ते मला पाठ होतं. स्वतःची बंदूक घेतली की हा नाद पक्का झाला, दर शुक्रवारी जायचंच, अशी माझी साधी गणितं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "पंचेचाळिशीत लोक गुडघे सांभाळतात. तुम्ही बंदूक घ्यायला निघालात!"

पुढच्याच शुक्रवारी मी खालूसमोर उभा राहिलो. "खालू, मला चांगली बंदूक दाखवा. पूर्ण मेटलची."

खालू स्टीलच्या थाळीत दाणे निवडत होता. तांदूळ निवडतात तसे. नवीन पाकीट फोडलं की तो सगळे दाणे थाळीत ओतायचा आणि एखाद्या दाण्यावर शिवण दिसली, कुठे फुगवटा दिसला की तो बाजूला काढायचा. असा एक दाणा नळीत अडकला तर आतल्या दातेरी चाकांचे दाते तुटतात, असं त्याचं म्हणणं. पाकिटात हजारो दाणे असायचे आणि तो सगळे निवडायचा. मान वर न करता म्हणाला, "चस्मा हाय?"

मी ऐटीत खिशातून कामावरचा सेफ्टी गॉगल काढला. चांगल्या प्रतीचा, शिक्का मारलेला. या विषयात मला शिकवणारा अजून जन्मायचा होता, अशी माझी समजूत.

खालूने तो घेतला, उलटासुलटा केला. बिनदुधाच्या सुलेमानी चहाला लागणारं लिंबू त्याच्या टेबलावर कायम असे. ते त्याने वाळूच्या पोत्यावर ठेवलं, त्याच्यापुढे माझा गॉगल उभा केला आणि सुरमई उचलून समोरून दाणा मारला. काच शाबूत. मी छाती फुगवली. मग खालू दोन पावलं बाजूला सरकला आणि तिरका मारला. गॉगल आणि कानशील यांच्यामध्ये जी बोटभर फट राहते, तिच्यातून दाणा आत गेला. खालूने लिंबू माझ्या हातावर ठेवलं. सालीवर खोल खड्डा पडला होता आणि रस गळत होता.

"डोला गेला तुजा," तो शांतपणे म्हणाला. "आता बंदूक घेऊन काय करतस?"

त्या लिंबाचा चहा त्याने मलाच पाजला. नवख्याने काय घ्यायचं याचा त्याचा क्रम ठरलेला होता आणि तो क्रम त्याने कुणासाठी, अगदी मैदानाच्या मालकाच्या पुतण्यासाठीही बदलला नाही. पहिल्यांदा डोळे आणि तोंड पूर्ण झाकणारा मुखवटा. दुसऱ्यांदा घोटा धरून ठेवणारे बूट, कारण प्लायवुडच्या कोपऱ्यावर माणसं गोळ्यांनी नाही, पाय मुरगळून पडतात. मग भाड्याच्या सगळ्या बंदुकांनी आळीपाळीने खेळायचं, हलकी कुठली, जड कुठली, आपल्या खांद्याला कुठली बसते ते बघायचं. हे सगळं सात शुक्रवार. सात झाले की मग बंदुकीचं बोलू.

"आणि सात शुक्रवारांनी मला कंटाळा आला तर?"

"मग तुजे पैशे वाचले," खालू म्हणाला.

एक श्रीमंत घरचा कुवेती मुलगा एकदा भली मोठी मशीनगनसारखी दिसणारी बंदूक मागायला आला. खालूने त्याला रंगाची भरलेली बादली दिली आणि ती हातात घेऊन मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत तो मुलगा बादली ठेवून हसायला लागला. पुढे खालूने त्याला हलकी, साधी, प्लास्टिकच्या अंगाची बंदूक दिली आणि तो अजून तीच वापरतो. घेतलेली बंदूक घरी न्यायची मात्र सोय नव्हती. इथे कायदा खेळण्यातल्या बंदुकीकडेही बारीक नजरेने बघतो, आणि ते बरोबरच आहे. रस्त्यावरच्या माणसाला काय कळणार, खरी की खोटी? म्हणून ज्याची त्याची बंदूक खालूच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद. किल्ली खालूच्या गळ्यात, चष्म्याच्याच दोऱ्याला.

आणि त्याचं ते हात वर करणं! खालू मैदानात कधी उतरला नाही, पण दिवसभर 'हिट' म्हणायचा. चहात साखर जास्त पडली, हात वर, "हिट." कुणाला चुकीची बॅटरी दिली, हात वर, "हिट." एकदा नमाजला जायच्या घाईत त्याने एका फिलिपिनो नर्सबाईंचा बूट स्वतःचा समजून पायात अडकवला. परत आला तो दारातूनच हात वर करून. त्या बाईंना आधी वाटलं, हा शरण का येतोय? आम्ही त्याला खूप चिडवायचो. तो म्हणायचा, "सवय हाय. हाताला रोज वर जायची सवय पायजे. नायतर गंजतो."

आमचे शुक्रवार छान चालले होते. दुपारची जुम्म्याची नमाज झाली की मैदान उघडायचं, आम्ही चारपर्यंत पोचायचो. लेकीचा नेम पहिल्यापासून चांगला. खालू तिला 'पोरी' म्हणायचा आणि ती, जी घरी आजीच्या फोनवर चार शब्द मराठी बोलायला कुरकुरते, ती त्याच्याशी मराठीत बोलायची. मोडकं, पण बोलायची. "खालू, ही मोरी लेफ्टला का जाते?" मग तो थाळी बाजूला ठेवून तिला मोरी उघडून दाखवायचा. मी शेजारी उभा राहून बघत असे आणि मला अगदी भरून यायचं. दुसऱ्याच्या खोलीत का होईना, माझी मुलगी माझ्या भाषेत प्रश्न विचारत होती.

सहाव्या शुक्रवारी ते घडलं.

शेवटचा डाव होता आणि मी आणि लेक विरुद्ध संघात. एकेक करत सगळे बाद झाले आणि मैदानात उरलो मी आणि ती. माझे साथीदार जाळीबाहेरून ओरडत होते. सहा आठवड्यांत मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत टिकलो होतो. पुढच्या शुक्रवारी बंदूक मिळणार होती. मी ड्रमाच्या आडून टायरांच्या ढिगाकडे धावलो आणि तेवढ्यात डाव्या बाजूला, कमरेला बांधलेल्या थैलीवर, टप् असा आवाज झाला.

लागलं होतं. मला कळलं, यात काही शंका नाही. हात वर करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी थांबलो आणि हात वर केला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी बघितलं नव्हतं, बाहेर लोक ओरडत होते आणि मी जिंकत होतो, एवढंच. मग मी टायरांमागून उठून नेम धरला आणि तिच्या खांद्यावर दाणा मारला. तिचा हात ताबडतोब वर गेला. "हिट!" इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेर टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर मुखवटा काढत ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "बाबा, आय हिट यू. साइड पाउच."

"नाही गं," मी म्हणालो. "लागलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी हसरा चेहरा ठेवला. "ओके," ती म्हणाली.

महबूला येईपर्यंत कानात इअरफोन. घरी आल्यावर दार बंद. पुढच्या शुक्रवारी दुपारी मी बूट काढून ठेवले तर आतून आवाज आला, "आय हॅव अ मॉक टेस्ट. यू गो." मॉक टेस्ट वगैरे काही नव्हती, ते बायकोने नंतर सांगितलं. मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी गेलो. सातवा शुक्रवार होता ना! माणूस किती मूर्ख असू शकतो याचा मी स्वतःच पुरावा आहे.

खालूने माझ्यासाठी बंदूक तयार करून ठेवली होती. जुनी घेऊन आतून पूर्ण नवी केलेली. वर्तमानपत्रावर ठेवून त्याने ती मला उघडून दाखवली. कुठलं दातेरी चाक बदललं, कुठे ग्रीस लावलं, बॅटरी किती वेळ चालेल. दाण्याचा वेग मोजायच्या यंत्रापुढे पाच वेळा झाडून दाखवली, पाचही वेळा आकडा सारखा. मग माझ्या खांद्याला लावून दिली. खरं सांगतो, बसली ती. दस्ता बरोबर गालाखाली आला. मी पाकीट काढलं.

"पोरगी कुठं?" खालूने विचारलं.

"अभ्यास आहे तिचा."

"हां." त्याने माझ्या हातातून बंदूक घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मग बादलीवर बसून थाळी पुढे ओढली. "मागल्या शुक्करवारचा तुजा हात अजून खाली हाय."

माझे कान गरम झाले. तरीही तोंडातून निघालं, "कुठला हात?"

"डाव्या थैलीला लागला तुला. दाणा उडून ड्रमावर पडला. मना बगायला लागत नाय. कापडाचा आवाज वेगला, लाकडाचा वेगला. तीस वर्सां ह्योच आवाज ऐकतू."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोललो तर तो माजा हिट झाला. तुजा कसा होईल?"

मी रागावलो. चूक पकडली गेली की मी आधी रागावतो, हे माझं जुनं आहे. म्हणालो, एवढ्याशा प्लास्टिकच्या दाण्याचं काय घेऊन बसलात, खेळ आहे, मी काय कुणाचा जीव घेतला? खालूने सगळं ऐकून घेतलं. दोन-चार दाणे बाजूला काढले. आणि मग त्याने मला ती गोष्ट सांगितली, जी मला वाटतं त्याने तिथे दुसऱ्या कुणाला सांगितली नसावी.

तरुणपणी तो इथेच एका दुकानात होता, मासेमारीचं आणि शिकारीचं सामान विकणाऱ्या. एका गिऱ्हाईकाची महागडी एअर रायफल त्याच्या हातून बिघडली. झडप जास्त आवळली गेली. मालकाने विचारलं तेव्हा खालू गप्प बसला आणि शेजारी काम करणाऱ्या मलबारी सोबत्यावर आळ आला. महिन्याभरात त्या माणसाला गावी पाठवलं.

"त्याचा नंबर होता माज्याकडं," खालू म्हणाला. "दर ईदला काढायचो. लावायचो नाय. मागल्या साली लावला. सगला सांगितला त्याला. तो म्हनला, कसली झडप? त्याला आटवतच नव्हता. त्याला वाटत होता, मालकाला मानूस कमी करायचा होता म्हनून पाठवला. हसला तो. तिकडं दुकान हाय त्याचा, नातवंडां हायत."

"मग बरं झालं की," मी म्हणालो.

"काय बरा झाला? त्याला आटवत नव्हता आनि मना तीस वर्सां झोप नव्हती. येवडी वर्सां फुकट गेली, एक हात वर केला असता तर!" तो पहिल्यांदाच चिडलेला दिसला, माझ्यावर नाही, स्वतःवर. मग चष्मा पुसून म्हणाला, "तुज्या पोरीला आटवल. ती विसरनारी नाय. जा घरी."

मी गाडीत बसलो. एसी लावून दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. लोकांना 'तुम्ही सांगितलं नाहीत तर कळणार कसं' असं विचारणाऱ्या सेफ्टीवाल्याची मला मनापासून लाज वाटली. आणि भीतीही वाटली. दार बंद असलेली मुलगी कॅनडाला गेली की तिथून दार उघडायला कोण येतं?

घरी पोचलो तेव्हा मगरिबची, सूर्यास्ताची, अजान होत होती. लेकीच्या दारावर टकटक केलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच उभा राहून हात वर केला.

"हिट," मी म्हणालो.

तिने हेडफोन काढले. "व्हॉट?"

"मागच्या शुक्रवारी. डाव्या थैलीवर. तू मारलं होतंस, मला लागलं होतं, मला कळलं होतं, आणि मी तुझ्याकडे बघून खोटं बोललो."

तिने हेडफोन टेबलावर ठेवले. मग मराठी-इंग्रजीची खिचडी करत म्हणाली, "बाबा, गेमचं नाही रे काही. बट यू स्माइल्ड. तू इतका नॉर्मल हसलास. आय केप्ट थिंकिंग, अजून कधी कधी असा हसला असशील?"

मी नाही म्हटलं असतं तर तिने ते कशावरून खरं मानायचं? मी हात वर ठेवून उभा राहिलो. खांदा दुखायला लागला. शेवटी तीच म्हणाली, "रूल काय आहे?"

"बाहेर चालत जायचं. हात खाली न करता."

"मग?"

मी गेलो. हात वर करून पॅसेजमधून, हॉलमधून, फ्लॅटचं दार उघडून थेट लिफ्टपर्यंत. बायको हातात पोळीचं लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बघत होती. "आता हे काय नवीन?" तिने विचारलं. "बाद झालोय," मी म्हणालो. लिफ्टसमोर पाच मिनिटं उभा होतो, एक डाव साधारण तेवढाच चालतो. पाच मिनिटांनी फ्लॅटचं दार उघडलं. ते तसंच उघडं ठेवलं होतं आणि आत ताटं तीन वाढली होती.

खालू आता कुवेतमध्ये नाही. त्याच उन्हाळ्यात सगळं आवरून गावी गेला. जाताना प्रत्येक बंदूक साफ करून, भाड्याच्या मासळीवरची नावं पुन्हा गडद करून गेला. त्याच्या जागी आता एक हुशार, हसतमुख माणूस बसतो. तो कुणालाही काहीही लगेच विकतो. मैदानावर हल्ली भांडणं वाढली आहेत, 'लागलं होतं, लागलं नव्हतं' अशी, आणि मी तिथे जरा जास्तच मोठ्याने हिट म्हणतो. माझ्याकडे बघून नवीन पोरं हसतात. हसू देत.

पण मला त्याचा शेवटचा दिवस सांगायचा नाही. मला सांगायचाय तो आठवा शुक्रवार.

लेक आली. मी 'चल' म्हटलं नव्हतं, मी बूट घालत होतो तर तिचेही बूट दाराशी आले. अर्दियाला पोचल्यावर मी खालूच्या टेबलापाशी गेलो आणि सगळ्यांसमोर, जाळीपाशी बसलेल्या त्या डावातल्या माझ्या साथीदारांसमोर, हात वर केला. काय झालं होतं ते सांगितलं. दोघं-तिघं हसले, एकाने पाठीवर थाप मारली, त्यापलीकडे जगात काहीही झालं नाही. खालूने मान डोलावली, गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी बंदूक बाहेर काढून टेबलावर ठेवली. मी हात पुढे केला.

खालूने माझा हात हलकेच बाजूला सारला. चष्म्यावरून लेकीकडे बघत त्याने विचारलं, "पोरी, देऊ काय याला?"

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतोय. पण खालू थांबला होता, खरोखरच थांबला होता, आणि लेकही हसत नव्हती. तिने बंदुकीकडे बघितलं. मग माझ्याकडे, अगदी सावकाश, दुकानात कापडाचा पोत बघावा तसं. सात आठवडे मी या बंदुकीसाठी झुरलो होतो आणि त्या घटकेला ती मिळते की नाही याचं मला काहीच वाटत नव्हतं. मला फक्त लेक काय म्हणते ते ऐकायचं होतं.

"अजून एक शुक्रवार, खालू," ती म्हणाली. "नेक्स्ट वीक मी परत बघते."

खालूने बंदूक पुन्हा गुंडाळली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मला बंदूक मिळाली नव्हती. पण पुढच्या शुक्रवारी लेक माझ्याबरोबर येणार होती. मी भाड्याची बोंबील उचलली आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या आनंदाने लेकीच्या मागे मैदानात शिरलो.